श्रेय आणि प्रसाद : मराठी ग्रंथांच्या समाप्तीसंबंधी काही विचार

प्राचीन मराठी ग्रंथांचे अध्ययन करताना त्यांच्या आरंभाकडे आपण जितके लक्ष देतो तितके समाप्तीकडे देत नाही. मंगलाचरणाचे विवरण होते, गणेशाच्या रूपकाचे पृथक्करण वर्गात होते, मराठी भाषेविषयीचे कवीचे अभिमानाचे उद्गार परीक्षेस येतात. परंतु दीर्घ परिश्रमाचा ग्रंथ पुरा करून लेखणी खाली ठेवताना कवी काय बोलला, याचा परामर्श बहुधा एकाच वाक्यात आटोपतो. 'कवीने विनयाने सर्व श्रेय ईश्वरास व गुरूस अर्पण केले आहे,' हे ते वाक्य होय. ते असत्य नाही. परंतु ते ज्ञानेश्वरांस लागू पडते, एकनाथांस लागू पडते, रामदासांस लागू पडते आणि अठराव्या शतकातील एखाद्या सामान्य पोथीकारासही तितकेच लागू पडते. जे विधान सर्वांस सारखेच लागू पडते त्याने कोणाचेच विशेष आकलन होत नाही. म्हणून या समाप्तींकडे वाङ्मयीन दृष्टीने थोडे निरखून पाहावे, असा आमचा हेतू आहे.

या प्रकारच्या लेखनावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, ही केवळ रूढी आहे. जसा आरंभी नमनाचा, तसा शेवटी श्रेयार्पणाचा रिवाज. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मनुष्याने रात्रंदिवस कष्ट करावेत आणि ते संपल्यावर 'हे मी केलेच नाही' असे म्हणावे, यात श्रमाचा अपलाप नाही काय? आणि एकदा सर्व श्रेय देवाच्या पदरी घातले म्हणजे ज्यांनी त्या कामात हात लावला त्यांची नावे बुडवण्यास ती एक सोयीची सबब होत नाही काय? हा दुसरा आक्षेप आम्हांस महत्त्वाचा वाटतो. त्याचे उत्तर तत्त्वचर्चेने देण्यापेक्षा प्रत्यक्ष ग्रंथांवरून द्यावे हे बरे.

ज्ञानेश्वरीपासून आरंभ करणे क्रमप्राप्त आहे. गीतेच्या सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्यांचे भाष्य शके 1212, म्हणजे इ. स. 1290 मध्ये, पूर्ण झाले. अठराव्या अध्यायाच्या अखेरीचा जो भाग आहे त्यातील पसायदानाच्या नऊ ओव्या आज घरोघरी व शाळाशाळांतून म्हटल्या जातात. परंतु त्या ओव्यांच्या आधी काय आहे आणि नंतर काय आहे, हे म्हणणाऱ्यांपैकी किती जणांस ठाऊक असते? प्रार्थना म्हणून त्या सुट्या काढल्या गेल्या आणि त्यामुळे त्यांचा अर्थ अर्धा झाला, असे आमचे मत आहे. पसायदान ही कामाच्या आरंभी केलेली याचना नव्हे. ते काम पुरे झाल्यावर मागितलेले दान आहे. ज्ञानेश्वर आपल्या ग्रंथास वाणीचा यज्ञ म्हणतात आणि त्या यज्ञाने संतुष्ट होऊन विश्वात्मक देवाने आपल्यास प्रसाद द्यावा, असे मागतात. यज्ञ म्हटला की त्यात यजमानाचे कष्ट आले, समिधा आल्या, आहुती आली. श्रम नाकारणारा मनुष्य आपल्या कृतीस यज्ञ म्हणणार नाही. तेव्हा श्रमाचा अपलाप येथे मुळीच नाही. श्रमाचे मोल कोणाकडे मागावे आणि कोणासाठी मागावे, एवढाच प्रश्न ज्ञानेश्वर सोडवीत आहेत. मोल मागितले आहे देवाकडे, आणि ते मागितले आहे दुष्टांच्या वृत्ती पालटण्यासाठी, प्राणिमात्रांच्या परस्पर स्नेहासाठी, सर्वांच्या इच्छापूर्तीसाठी. ज्याने कष्ट केले त्याच्या स्वतःच्या वाट्यास त्यात वेगळे काहीही नाही.

पसायदानाच्या आधीचा भाग याहूनही विचार करण्याजोगा आहे. तेथे आदिनाथ शंकरापासून मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी यांच्याद्वारे निवृत्तिनाथांपर्यंत आलेली परंपरा सांगितली आहे. सूत्रधार जशी दोरी हालवील तशी कळसूत्री बाहुली हालते, तसे माझे स्वामी मला बोलवीत आहेत, असा दृष्टांत येतो. येथपर्यंत अपेक्षित तेच आहे. परंतु या दृष्टांतावरून ज्ञानेश्वर जो निष्कर्ष काढतात तो चकित करणारा आहे. ग्रंथातील गुणदोषांबद्दल मी क्षमा मागत नाही, कारण हा ग्रंथ आचार्यांनीच माझ्याकडून वदवला आहे, असे ते म्हणतात. आणि पुढे जाऊन श्रोत्यांस ऐकवतात की, तुम्हां संतांच्या सभेत काही उणे राहिले आणि तरीही ते पूर्ण झाले नाही, तर मी प्रेमाने तुमच्यावरच रागावेन! ज्यास हा भाग केवळ विनयाचा वाटतो त्याने तो नीट वाचलेला नाही. श्रेय स्वतःकडे ठेवणारा लेखक दोषांच्या भीतीने क्षमायाचना करीत बसतो, कारण यश जर त्याचे तर अपयशही त्याचेच. श्रेय सोडणाऱ्यास हे भय उरत नाही. विनय आणि निर्भयता एकाच मुळातून कशा उगवतात याचे याहून चांगले उदाहरण मराठीत आम्हांस तरी दाखवता येणार नाही.

आता पसायदानाची अखेरची ओवी आणि तिच्या नंतरचे पाहावे. विश्वेश्वराने 'हे दान होईल' असे म्हटल्याचे आणि त्या वराने ज्ञानदेव सुखी झाल्याचे सांगितले आहे. 'सुखी झाला' हा आनंद कामाच्या शेवटचा आहे आणि तो मोकळेपणाने सांगितला आहे. त्यानंतर ग्रंथ कोठे झाला, गोदावरीच्या दक्षिण तीरावरचे ते कोणते क्षेत्र, तेथे यादववंशातील रामचंद्र राज्य करीत होता, हे येते. आणि सर्वांत शेवटी, ग्रंथाच्या अखेरच्या ओवीत, शकाबरोबर सच्चिदानंदबाबांचे नाव येते. हे सच्चिदानंदबाबा ग्रंथाचे लेखनिक होत. ती ओवी ज्ञानेश्वरांचा तृतीय पुरुषात उल्लेख करते, त्यामुळे ती लेखनिकाने स्वतः जोडली असावी असे म्हणता येईल. तसे असले तरी आमच्या मुद्द्यास बाध येत नाही. विश्वात्मक देवापासून निघालेले श्रेय गुरुपरंपरेवरून, संतसभेवरून, गावावरून व राजावरून येत येत शेवटी बोरू हाती धरणाऱ्यापर्यंत पोहोचले आणि त्याचे नाव ग्रंथात कायमचे राहिले. नैवेद्य देवापुढे ठेवावा, तो तेथेच न ठेवता प्रसाद म्हणून परत घ्यावा आणि उपस्थितांत वाटावा, हा आपल्या घरातील नित्याचा आचार आहे. 'पसाय' या शब्दाचा अर्थच प्रसाद. श्रेयार्पणाचीही हीच रीत ज्ञानेश्वरीने घालून दिली, असे आम्ही समजतो. आणि पुढील ग्रंथांची परीक्षा करण्यास हेच माप आम्ही वापरणार आहोत.

एकनाथांच्या दोन समाप्ती या दृष्टीने तपासून पाहण्यासारख्या आहेत. पहिली एकनाथी भागवताची. भागवताच्या एकादश स्कंधावरील सुमारे अठरा हजार ओव्यांची ही टीका पैठणास सुरू झाली आणि काशीत शके 1495, इ. स. 1573 मधील कार्तिकी पौर्णिमेस पूर्ण झाली. कर्तृत्वाविषयी नाथांनी वेगळे काही सांगण्याची गरजच ठेवलेली नाही, कारण त्यांच्या 'एका जनार्दन' या नाममुद्रेतच शिष्य आणि गुरु असे एकजीव झालेले आहेत की, लिहिणारा कोणता आणि लिहवणारा कोणता हे निवडता येऊ नये. परंतु आमचे लक्ष वेधले ते कालगणनेकडे. नाथ वाराणसीतील विक्रम संवत सांगतात. आणि तेवढ्यावर न थांबता आपल्या स्वदेशी, गोदातीरीच्या प्रतिष्ठानात, कोणता शालिवाहन शक व कोणता संवत्सर चालू आहे तेही मुद्दाम ऐकवतात. मराठी देशापासून शेकडो कोस दूर, गंगेच्या तीरावर, पंडितांच्या नगरीत मराठी ग्रंथ पुरा झाला. त्या आनंदाच्या क्षणी नाथांस आपल्या घरची कालगणना आठवली. ज्या नगरीने आश्रय दिला तिचाही मान राहिला आणि ज्या भूमीची भाषा त्यांनी लिहिली तिचाही राहिला. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरे, हैदराबाद अशा नगरांतून पिढ्यानपिढ्या मराठी जपणाऱ्या आमच्या वाचकांस या दोन गणनांचे मर्म समजावून सांगावे लागेल असे नाही.

काशीच्या पंडितांनी प्रथम या प्राकृत ग्रंथास विरोध केला आणि शेवटी त्याच ग्रंथाची मिरवणूक काढली, अशी कथा परंपरेने सांगितली आहे. कथेचे ऐतिहासिक मोल काही असो. मिरवणूक ग्रंथाची झाली असे लोकस्मृतीने धरून ठेवले, यात लोकांस समाप्तीचा उत्सव कसा हवा होता ते दिसून येते.

दुसरी समाप्ती ज्ञानेश्वरीच्या शुद्ध प्रतीची. ज्ञानेश्वरीनंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी, शके 1506 मध्ये म्हणजे इ. स. 1584 साली, नाथांनी पाठभेदांनी दूषित झालेला हा ग्रंथ शोधून त्याची प्रत सिद्ध केली. हे काम कवित्वाचे नव्हते. प्रती जमवाव्यात, ओळीशी ओळ ताडून पाहावी, घुसडलेले काढावे, गळलेले भरावे. यात प्रतिभेपेक्षा चिकाटी अधिक लागते आणि कीर्ती तर काहीच लाभत नाही. नाथांनी या कामासाठी योजलेला शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. ते त्यास 'लेखनकामाठी' म्हणतात. कामाठी म्हणजे अंगमेहनत, मजुराचे काम. आपल्या विद्वत्तेच्या कामास मजुरी म्हणणारा हा आपल्या भाषेतील एक थोर संपादक होय. आणि ही कामाठी ज्या दिवशी संपली तो दिवस नाथांनी कसा नोंदवला आहे? भाद्रपदातील कपिलाषष्ठी, दीर्घ काळाने येणारी गोमटी पर्वणी! दुर्मीळ सुयोगास मराठी माणूस आजही 'कपिलाषष्ठीचा योग' म्हणतो. मजुरी आणि पर्वणी हे दोन शब्द इतके जवळ आणून ठेवण्यात सर्व कृतज्ञतेचे सार आहे, असे आम्हांस वाटते. पर्वणी आली म्हणून मजुरी लपवली नाही आणि मजुरी होती म्हणून पर्वणी कमी मानली नाही.

या समाप्तीचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, येथे नाथ ग्रंथाच्या मूळ कर्त्यास वंदन करतात आणि पुढच्यांस ताकीद देतात. जो कोणी या पाठात आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे, हा त्या ताकिदीचा आशय. पंचविशीच्या आत इतके ओवीप्रभुत्व दाखवलेल्या ज्ञानेश्वरांच्या ग्रंथात आपली एखादी ओवी मिसळण्याचा मोह नाथांसारख्या समर्थ कवीस होणे अशक्य नव्हते. तो त्यांनी स्वतः आवरला आणि इतरांसही आवरण्यास सांगितले. दुसऱ्याचे श्रेय दुसऱ्याच्याच नावे अभंग ठेवणे हीदेखील ईश्वरास श्रेय देण्याचीच एक रीत आहे. पुढे वारकऱ्यांनी भाद्रपद वद्य षष्ठी हीच ज्ञानेश्वरी जयंती ठरवली. ग्रंथाचा जन्मोत्सव म्हणून जो दिवस साजरा होतो तो एका संपादकाचे काम संपल्याचा दिवस आहे, ही गोष्ट पाठचिकित्सेच्या अभ्यासकांनी तरी अभिमानाने सांगितली पाहिजे.

रामदासांचा मार्ग निराळा आहे. वीस दशक आणि दोनशे समास पूर्ण करून दासबोधाच्या अखेरच्या समासात समर्थ प्रथम हे सर्व दाशरथीच्या कृपेचे फळ म्हणून सांगतात आणि मग त्या विधानाचा युक्तिवादच मांडतात. देह पंचभूतांचा, करणारा त्यातील आत्मा. सर्वच करणे जर जगदीशाचे तर एकटे कवित्व तेवढे माणसाचे कसे म्हणावे? तत्त्वांचा झाडा घेतल्यावर 'माझे' म्हणावे अशी वस्तूच हाती राहत नाही. इतकेच नव्हे, तर ग्रंथाची स्तुती करण्याचेही प्रयोजन नाही, प्रत्यय पाहावा, असा त्यांचा रोकडा सल्ला आहे. तर्कदृष्ट्या तिन्ही समाप्तींत ही सर्वांत कणखर. येथे भावनेला आवाहन नाही. हिशेब मांडून शिल्लक शून्य दाखवली आहे. मात्र आमच्या मापाने पाहता येथे एक उणीव जाणवते. श्रेय वर गेले, पण खाली वाटले गेले नाही. स्थळ नाही, काळ नाही, लेखनिकाचे नाव नाही. ज्ञानेश्वरीची समाप्ती वाचताना आपण एका सभेत बसलेलो असतो. दासबोधाची समाप्ती वाचताना एका निःसंग पुरुषापुढे उभे असतो. दोन्ही अनुभव थोर आहेत. परंतु उत्सव पहिल्या ठिकाणी आहे.

पुढील पोथीवाङ्मयात ही परंपरा विस्तारली आणि काही अंशी बिघडलीही. बिघाड कोठे झाला तेही सांगितले पाहिजे. ग्रंथ देवाने वदवला असे म्हटल्यावर, हा ग्रंथ वाचल्याने पुत्र होईल, धन मिळेल, व्याधी जातील अशी फलश्रुती जेव्हा जोडली जाते, तेव्हा दारातून बाहेर घालवलेला अहंकार खिडकीतून आत येतो. कर्ता नम्र राहतो आणि त्याची कृती मात्र सर्वसमर्थ ठरते. फलश्रुती हा पुराणांपासून चालत आलेला प्रकार आहे आणि श्रोत्यांस बांधून ठेवण्याचे कार्य तिने केले, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की, पसायदान आणि रूढ फलश्रुती यांची जात एक नव्हे. पहिले देवापाशी मागते, दुसरी ग्राहकास आश्वासन देते. या काळातही चांगले उदाहरण नाही असे नाही. महिपतींनी शके 1684, इ. स. 1762 मध्ये पूर्ण केलेल्या भक्तविजयात हे आपले कल्पित नव्हे, असे सांगून नाभाजी आणि उद्धवचिद्घन या पूर्वसूरींची नावे आरंभीच दिली आहेत. पांडुरंगास कर्ता म्हणणाऱ्या कवीने आपली साधनेही निर्देशिली, हे चरित्रकाराच्या प्रामाणिकपणाचे लक्षण होय.

लिहिणाऱ्यांच्या या रीतीचे लोकरूप आपणांस काल्यात दिसते. सप्ताह संपला की शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन होते. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या आणि कृष्णाने त्या सर्वांस वाटल्या, ही त्यामागील कथा. सात दिवस पारायण करणारे, पहाऱ्यावर उभे राहणारे, पाणी भरणारे, चुलीपाशी बसणारे, या सर्वांच्या श्रमाचा शेवट त्या एका कालवलेल्या घासात होतो, आणि कोणाची शिदोरी कोणती हे त्यात ओळखू येत नाही. सामुदायिक श्रमाच्या समाप्तीचा याहून अर्थपूर्ण विधी सुचणे कठीण आहे. तरीही इतिहासास स्मरून एक गोष्ट बोलली पाहिजे. काल्याचे हे तत्त्व पंगतीत शतकानुशतके पाळले गेले नाही. ज्यांचे कष्ट गावास हवे होते त्यांस देवाच्या दारात मज्जाव होता. पंढरपूरचे मंदिर सर्वांस खुले व्हावे म्हणून 1947 साली साने गुरुजींस प्राणांतिक उपोषण करावे लागले. श्रेय देवास दिले आणि श्रम करणाऱ्यास देवापर्यंत येऊ दिले नाही, तर ते श्रेयार्पण पोकळ होय. आरंभी नोंदवलेल्या दुसऱ्या आक्षेपात जे सत्य आहे ते एवढे आणि ते आम्ही पूर्णपणे मान्य करतो. दोष मात्र श्रेय देवास दिल्याचा नाही; दिलेला प्रसाद वाटला नाही, याचा आहे.

आधुनिक काळात ही रीत संपुष्टात आली असे समजण्याचे कारण नाही. विनोबांनी 7 ऑक्टोबर 1930 रोजी गीतेच्या समश्लोकी अनुवादास आरंभ केला आणि 6 फेब्रुवारी 1931 रोजी तो पुरा केला. 1932 साली तो धुळ्यास छापला गेला. या अनुवादाचे बीज वडोदऱ्यास पडले. संस्कृत समजत नाही आणि उपलब्ध मराठी भाषांतरही कठीण जाते, तेव्हा तूच सोपी गीता कर, असे आई रुक्मिणीबाईंनी मुलास म्हटले होते. 1918 साली त्या निवर्तल्या. मागणी पुरी होण्यास त्यानंतर बारा वर्षांहून अधिक काळ लागला. विनोबांनी ग्रंथास नाव दिले 'गीताई'. ऋणनिर्देशाचे वेगळे पान त्यास लागत नाही. गीता हीच आई, आणि जिने मागितली तीही आई. ईश्वराचे श्रेय आणि एका घरातील अल्पशिक्षित स्त्रीचे श्रेय एका शब्दात सामावले आहे. जोपर्यंत पुस्तक उच्चारले जाईल तोपर्यंत आभार मानले जातील, अशी ही व्यवस्था आहे.

आपल्या नित्याच्या व्यवहारात मात्र ज्ञानेश्वरीने जे एकत्र ठेवले होते त्याची आपण दोन शकले केली आहेत. काही प्रस्तावनांत 'परमेश्वरकृपेने हे कार्य सिद्धीस गेले' एवढेच वाक्य असते आणि मुद्रिते तपासणाऱ्याचे नाव शोधूनही सापडत नाही. काही ठिकाणी नावांची लांब यादी असते. तीत अध्यक्ष, देणगीदार, प्रकाशक मानाच्या क्रमाने उभे असतात, आणि आपल्या शक्तीपलीकडचे काहीतरी या कामास लाभले याची जाणीव तीत कोठेच नसते. पहिल्या प्रकारात प्रसाद वाटायचा राहून जातो, दुसऱ्यात नैवेद्य दाखवायचाच राहतो. प्रकाशनसमारंभात हारतुरे होतात, भाषणे होतात, परंतु समाप्तीचा खरा आनंद, 'सुखी झालो' असे म्हणण्याचा मोकळेपणा, क्वचितच प्रत्ययास येतो. ज्यास श्रेय सांभाळून ठेवायचे असते त्यास आनंद करण्यास सवड होत नाही.

म्हणून अध्यापकबंधुभगिनींस आमची विनंती अशी की, पसायदान शिकवताना त्याच्या आधीची गुरुपरंपरा, तो प्रेमळ राग, आणि नंतरची स्थळकाळाची व लेखनिकाची नोंद विद्यार्थ्यांपुढे अवश्य ठेवावी. नाथांच्या संपादनसमाप्तीच्या मोजक्या ओव्याही त्यांच्याकडून वाचून घ्याव्यात. आणि महाराष्ट्राबाहेर मराठीचे काम करणाऱ्या संस्थांस एवढेच सुचवावेसे वाटते की, जुन्या हस्तलिखितांची सूची असो, बोलीचा शब्दसंग्रह असो, की ग्रंथालयाची नवी नोंदवही असो, असे एखादे काम अनेक वर्षांच्या बिनमोली मेहनतीने पुरे झाले म्हणजे त्याच्या शेवटच्या पानावर देवाचे नाव घालण्यास संकोच करू नये. त्याखाली तेथील संवत वा सन, आपला शक, गाव, आणि ज्याने अक्षर न् अक्षर उतरवून काढले त्याचे नाव घालावे. मग त्या दिवशी सर्वांनी मिळून गोड खावे.